टार्टचं गोड पीठ दोनदा फसलं, मे महिन्यातल्या ठाण्यात हे घरी जमतं का?

तलावपाळी

नमस्कार मंडळी. ठाण्यात पाचपाखाडीला राहते, रोजचा आणि सणावाराचा सगळा स्वयंपाक करते, करंज्या चकल्या दरवर्षी घरीच असतात, पण सध्या एका पिठाने अगदी रडकुंडीला आणलंय. २८ मे ला आईचा ७० वा वाढदिवस आहे. तिला केक आवडत नाही, क्रीम तर अजिबातच नाही, पण मागच्या वर्षी कुणाकडे तरी तिने मँगो टार्ट खाल्ला, म्हणजे खाली बिस्किटासारखी खुसखुशीत वाटी आणि आत आंबा, आणि तेव्हापासून चार वेळा तरी त्याचं नाव काढलंय. विकतचे आणून बघितले तर खालची वाटी मऊ पडलेली आणि आंब्याला चव नाही. म्हणून म्हटलं घरीच करायचा, वाशीच्या मार्केटमधून हापूसची पेटी येणारच आहे.

पहिल्यांदा केलं तेव्हा २ वाट्या मैदा, पाऊण वाटी आपली नेहमीची साखर, १०० ग्रॅम बटर (बाहेर ठेवून मऊ करून घेतलं होतं) आणि लागेल तसं पाणी. पोळपाटाला असं चिकटलं की उलथन्याने खरवडायला लागलं, मग मैदा भुरभुरवत गेले, तरी टिनमध्ये घालताना तीन तुकडे झाले. दुसऱ्या वेळी बटर कमी केलं, पाणी थोडं जास्त घेतलं, चांगलं १० मिनिटं मळलं, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवलं. या वेळी इतकं सुंदर लाटलं गेलं, अगदी पोळीसारखं, मला वाटलं जमलं. ओव्हनमध्ये १५ मिनिटांत सगळ्या कडा घसरून खाली आल्या आणि मधला भाग पुरीसारखा फुगला. खाताना इतकं कडक की सुरीने कापताना ताटलीच सरकत होती.

ओटीजी आहे, ९ इंचाचा खालून सुटणारा टार्टचा टिन आहे, वजनकाटा नाही पण घेईन. दुपारी तर माझ्या स्वयंपाकघरात बटर बाहेर काढल्या काढल्या पाघळतं. नेमकं काय चुकतंय? प्लीज कुणीतरी नीट समजावून सांगा, नुसती रेसिपी नको, तसल्या दहा वाचून झाल्यात.

ओट्यापाशी

अगं तुझं उत्तर तुझ्याच वाक्यात आहे बघ. "अगदी पोळीसारखं लाटलं गेलं." हे पीठ पोळीसारखं लाटलं जायला लागलं की समजायचं ते बिघडलं. आपले हात लहानपणापासून कणकेला सरावलेले, पीठ दिसलं की मळायचं, पुरणपोळीची असेल तर तेल लावून लावून तिंबायची. का तिंबतो आपण? तार यावी, पोळी ताणली तरी फाटू नये म्हणून. आणि टार्टच्या पिठाला नेमकं हेच नको असतं. त्याला तार आली की ते भाजताना आखडतं, रबरासारखं मागे ओढलं जातं, तुझ्या कडा म्हणूनच खाली आल्या, आणि खाताना वातड नाहीतर कडक लागतं.

मैद्यात पाणी गेलं आणि वर मळलं की ग्लुटेन तयार होतं, तीच ती तार. म्हणून पाणी जायच्या आधी मैद्याच्या कणाकणाला बटर चोळून घ्यायचं, म्हणजे पाणी आत शिरायला वाव कमी. तू म्हणशील हे तर मोहन! मोहनच आहे गं ते. करंजीच्या रव्यामैद्याला तू कडकडीत तुपाचं मोहन घालून चोळतेस ना, मुठीत दाबलं की मुटका झाला पाहिजे आणि बोटाने ढकलला की मोडला पाहिजे, हीच परीक्षा इथे. फरक एवढाच की करंजीला मोहन गरम आणि इथे बटर गार. आणि मोहनाचं प्रमाण करंजीपेक्षा कितीतरी जास्त, मैद्याच्या निम्मं वजन बटरचं. तू दुसऱ्या वेळी बटर कमी करून पाणी वाढवलंस म्हणजे उलट दिशेने गेलीस.

मी नेरुळला राहते, गेली अकरा वर्षं नातवंडांसाठी हे करतेय. हात तळव्यापर्यंत पिठात घालू नकोस, फक्त बोटांची टोकं. तळवा गरम असतो. चोळताना पीठ थोडं वर उचलून हवेत सोडायचं, परातीत दाबत बसायचं नाही. ५ मिनिटांत सगळं जाड रव्यासारखं दिसायला लागतं, रंगही पांढऱ्याचा फिका पिवळा होतो, तिथे थांबायचं. मग पाणी किंवा दूध चमच्याने, आणि नुसतं गोळा करायचं. मळायचं नाही. गोळा खडबडीत, भेगाळलेला दिसला तर दिसू दे, तुझा हात शिवशिवेल एकदा छान मळून घ्यायला, तेवढा मोह आवर.

चहाबिस्किट

वजनकाटा आजच घ्या. मी एकाच वाटीने तीनदा मैदा घेऊन काट्यावर ठेवून बघितला होता, एकदा १०८ ग्रॅम, एकदा १२१ आणि एकदा चेपून १३४. पोळीला फरक पडत नाही कारण आपण हाताला लागेल तसं पाणी घालतो, इथे मैदा २०-२५ ग्रॅम जास्त झाला की पीठ कोरडं, मग माणूस पाणी वाढवतो आणि मग वर ओट्यापाशी काकू म्हणतायत तेच होतं.

आणि साखर दळलेलीच पाहिजे. जाड साखर थोड्याशा ओलाव्यात विरघळत नाही, लाटताना जिथे दाणा तिथे भेग पडते आणि भाजल्यावर तपकिरी ठिपके येतात. घरी मिक्सरला दळा आणि चाळून घ्या.

खाडीपलीकडे

ताई, मी कळव्याचा. सहा वर्षं हॉटेलच्या पेस्ट्री सेक्शनला काम केलंय, आता घरूनच ऑर्डरी घेतो, रोजचा संबंध या पिठाशी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काकूंनी सांगितलेल्या पद्धतीला फ्रेंच किचनमध्ये साब्लाज म्हणतात, साब्ल म्हणजे वाळू, वाळूसारखं होईपर्यंत चोळणं. दुसरी पद्धत म्हणजे मऊ बटर आणि पिठीसाखर आधी एकत्र फेटून, मग अंडं, मग शेवटी मैदा. गोड टार्टचं पीठ, ज्याला पात सुक्रे म्हणतात, ते बऱ्याच ठिकाणी असं फेटून करतात, एकजीव होतं, लाटायला सोपं. पण तिकडे किचनला एसी असतो. तुमच्याकडे मे महिन्यात मऊ बटर म्हणजे पाच मिनिटांत तेल. बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीला पूर्ण वितळतं आणि दुपारी आपलं स्वयंपाकघर तिथेच असतं. म्हणून तुम्ही गार बटर चोळायचीच पद्धत धरा.

माप देतो, ९ इंची टिनला पुरून उरेल.
मैदा २२५ ग्रॅम, कॉर्नफ्लोर २५ ग्रॅम (आपला मैदा जरा तार धरणारा असतो, कॉर्नफ्लोरमध्ये ग्लुटेन नाही, म्हणून तेवढा हलका होतो), बिनमिठाचं बटर १२५ ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, मीठ पाव चमचा, अंडं एक. मीठवालं बटर असेल तर वेगळं मीठ नको, बाकी चालतं, उगाच अडून बसू नका.

बटरचे बोराएवढे तुकडे करून १५ मिनिटं फ्रीजरला. मैदा, कॉर्नफ्लोर, पिठीसाखर परातीत चाळून तीही फ्रीजमध्ये ठेवा, याचा विचार कुणी करत नाही पण उन्हाळ्यात पीठच ३२-३३ डिग्रीचं असतं, त्यात बटर कितीही गार घातलं तरी काय उपयोग. मग चोळा. अंडं नुसतं फेटून दोन-तीन हप्त्यांत घाला, सगळं लागेलच असं नाही. गोळा झाला की त्याचा लाडू करून फ्रीजमध्ये ठेवू नका, चपटी जाड भाकरी करा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि कमीत कमी एक तास ठेवा. लाडू बाहेरून दगड होतो आणि आत मऊ राहतो, मग लाटताना कडा फाटतात.

या एका तासात बटर घट्ट होतंच, पण मैदा ओलावा सगळीकडे सारखा शोषून घेतो आणि जी काही तार आली असेल ती सैल पडते. तुम्ही अर्धा तास ठेवलं होतं पण बाहेर, ओल्या फडक्याखाली, त्याने बटर आणखी सुटलं.

लाटताना पोळपाट विसरा, ९ इंची टिनला १२ इंचाची पोळी लागते, ती पोळपाटावर मावत नाही. ग्रॅनाइटचा ओटा असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. परातीत बर्फ घालून ती परात ओट्यावर १० मिनिटं ठेवा, मग ओटा कोरडा पुसून घ्या आणि दोन प्लास्टिकच्या मध्ये लाटा. जाडी ३ मिलीमीटर.

टिनमध्ये घालताना ओढून ताणून कडेला चिकटवायचं नाही. पीठ आत सैल सोडायचं, कोपऱ्यात नुसतं उतरवायचं आणि बोटाने हलकं टेकवायचं. ताणून बसवलेलं पीठ ओव्हनमध्ये हमखास परत येतं. काट्याने टोचे मारा, आणि मग टिनसकट फ्रीजरला ३० मिनिटं. ही पायरी गाळू नका, आपल्याकडच्या हवेत तर नाहीच. दगडासारखं गार झालेलं पीठ गरम ओव्हनमध्ये गेलं की बटर वितळून घसरायच्या आधी मैदा आकार धरायला लागतो.

मग बटर पेपर चुरगाळून, परत उलगडून आत बसवायचा (कोरा ताठ कागद कोपऱ्यात बसत नाही) आणि त्यात राजमा किंवा चवळी काठोकाठ भरायची. कडेला जास्त, कारण आधार कडेलाच पाहिजे. १८० डिग्रीला १८-२० मिनिटं, मग कडधान्यासकट कागद उचलायचा आणि उघडं ८-१० मिनिटं, मधला भाग कोरडा आणि सोनेरी होईपर्यंत. मधे फुगलं ते वरती वजन नव्हतं आणि टोचेही नव्हते म्हणून. तो राजमा नंतर शिजत नाही, बरणीत भरून याच कामाला ठेवायचा, माझा चार वर्षं जुना आहे.

तलावपाळी

किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, दोनदा वाचलं. काकू, ते पोळीसारखं लाटलं जाणं म्हणजेच बिघडणं हे वाचून डोक्यात एकदम लख्ख झालं, मी तर त्यालाच यश समजत होते.

एक सांगायचंच राहिलं, आई अंडं खात नाही. मग काय करायचं? आणि बटरऐवजी घरचं साजूक तूप चालेल का, कारण आमच्याकडे तूप भरपूर असतं आणि नानकटाईला तर तूपच घालतो ना.

ओट्यापाशी

अंड्याशिवाय मी कायम करते, आमच्याकडेही अर्धी मंडळी खात नाहीत. गार दूध घे, पण मोजून. एका अंड्यात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं, म्हणजे ५० ग्रॅमच्या अंड्यात ३७-३८ ग्रॅम. तेवढंच दूध वाटीत काढून घे, एक एक मोठा चमचा घालत जा, सहसा दोन मोठे चमचे, फार तर अडीच लागतात. २ चमचे दुधाची पावडर मैद्यात मिसळली तर रंगही छान येतो.

तूप मात्र जरूर वापर असं मी म्हणेन. घरच्या तुपाचा वास हापूसबरोबर जो काही लागतो तो बटरला येत नाही. रवाळ, घट्ट तूप घे, पातळ झालेलं नको.

खाडीपलीकडे

काकू, तुपाबद्दल मी जरा वेगळं सांगेन, राग मानू नका. वासाचं तुमचं शंभर टक्के बरोबर. पण बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास फॅट आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, तूप म्हणजे जवळजवळ सगळं फॅटच. तेव्हा १२५ ला १२५ तूप घातलं तर पीठ इतकं भुसभुशीत होतं की टिनमधून काढतानाच कोसळतं. नानकटाईला ते चालतं कारण ती जागच्या जागी बसलेली असते, टार्टच्या कडेला उभं राहायचं असतं आणि वर आंब्याचं वजन पेलायचं असतं.

१२५ बटरच्या जागी १०० ग्रॅम तूप आणि वर २० ग्रॅम दूध, हा हिशेब. आणि तूप उन्हाळ्यात बाहेर पातळच असतं, म्हणजे वाटीत काढून फ्रीजमध्ये घट्ट करून मग किसायचं. पहिल्यांदाच करताय आणि तारीख ठरलेली आहे, तर मी म्हणेन बटरनेच करा. फार तर १०० ग्रॅम बटर आणि २० ग्रॅम तूप, वासही येईल आणि कडही उभी राहील.

ओट्यापाशी

राग कसला. माझे टार्ट छोट्या स्टीलच्या वाट्यांमधले असतात, म्हणून तुपाचे उभे राहतात. ९ इंचाला तुझं म्हणणं पटलं. शंभर बटर आणि वीस तूप कर गं, तो बरोबर सांगतोय.

पामबीच

मी सानपाड्याहून. चोळायचं काम मिक्सरवर केलं तर? माझे हात फार गरम असतात, करंजीचं पीठसुद्धा माझ्या हातात लगेच सुटतं. मी चटणीच्या भांड्यात मैदा, साखर आणि फ्रीजरमधलं बटर घालून थांबून थांबून फिरवते, एकेक सेकंद, ८-१० वेळा, की रव्यासारखं होतं. दूध मात्र मिक्सरमध्ये घालत नाही, ते परातीत काढून हाताने. एकदा दूधही आतच घातलं आणि फिरवलं तर खाली पात्याला चिवट गोळा बसला होता आणि वर कोरडं पीठ.

किसणीवर गार बटर किसून घेतलं तरी फार सोपं जातं, चोळायला दोन मिनिटं पुरतात. बटरची पकडायची बाजू कागदाने धरायची, हाताची उष्णता लागत नाही.

तलावपाळी

आज सकाळी तिसऱ्यांदा केलं. सहाला उठून, गॅस पेटवायच्या आधी. बटर किसून घेतलं, १०० बटर २० तूप, दूध अडीच चमचे. चोळताना तो रंग बदलला ना काकू, पांढऱ्याचा पिवळसर, तेव्हा इतकं बरं वाटलं, आणि मुटका करून बोटाने ढकलला तर मोडला! म्हणजे इथपर्यंत सगळं बरोबर. दीड तास फ्रीजमध्ये ठेवलं.

पण लाटायला घेतलं आणि लाटणं फिरवल्या फिरवल्या सगळीकडून भेगा. दाबलं की तुकडा पडतोय. मी परत गोळा करून मळणारच होते पण हात आवरला आणि तसंच प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवून दिलंय. आता काय करू? टाकून द्यायचं नाहीये, बटर केवढं महाग झालंय.

खाडीपलीकडे

टाकू नका, काहीही बिघडलेलं नाही. दीड तासाने बटर दगड झालेलं असतं, लगेच लाटलं की फुटणारच. बाहेर काढून थांबायचं. थंडीत १५ मिनिटं, आत्ता ४-५ मिनिटं पुरे. अंगठ्याने मधोमध दाबून बघा, खड्डा पडला पाहिजे पण कड फाटली नाही पाहिजे. मग लाटणं फिरवायच्या आधी लाटण्यानेच वरून हलके ठोके द्या, अख्ख्या भाकरीवर, एकदा उभे एकदा आडवे. त्याने ते न मळता मऊ होतं. मग मधून बाहेर लाटा, दर दोन फेऱ्यांनी पाव वळण द्या.

अंड्याशिवायचं पीठ जरा भेगा देतंच. बलक नसतो, धरून ठेवणारं काही कमी असतं. कडेच्या भेगा बोटांनी जुळवून घ्या. टिनमध्ये घातल्यावर भेग पडली तर उरलेल्या पिठाचं ठिगळ लावायचं आणि दाबायचं, भाजल्यावर कुठे होतं ते तुम्हालाही सापडणार नाही. आणि ते उरलेलं चिमूटभर पीठ भाजून होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा, भाजताना बारीक चीर गेली तर गरम असतानाच लिंपता येते.

ओट्यापाशी

आणि त्यातूनही नाहीच लाटलं गेलं तर लाटू नकोस. सरळ टिनमध्ये तुकडे पसर आणि वाटीच्या बुडाने दाबत दाबत बसव, मी कित्येक वर्षं असंच करत होते. वाटीला तांदळाची पिठी लावून घे, पुरणपोळीला लावतो तशी, म्हणजे चिकटत नाही. मैदा लावशील तर तो पिठात शिरत जातो.

खाडीपलीकडे

दाबून बसवाल तर कोपऱ्यावर लक्ष ठेवा. तळ आणि कड जिथे मिळतात तिथे नकळत जाड थर राहतो आणि तोच आतून कच्चा राहतो. बोट फिरवून बघा, सगळीकडे सारखं लागलं पाहिजे.

तलावपाळी

अर्धं लाटून, अर्धं दाबून बसवलं. हॉलमध्ये एसी लावला, टीपॉय पुसून त्यावर लाटलं, पामबीच तुमच्या किसणीचे आणि खाडीपलीकडे दादा तुमच्या ठोक्यांचे आभार. तीन ठिगळं लावली. फ्रीजरमध्ये अर्धा तास. राजमा काठोकाठ.

कड उभी राहिली हो!! एका बाजूला जरा बसली, जिथे मी थोडं ओढलं होतं, ते मलाच कळलं कारण तिथेच मी ताणलं होतं. कागद काढला तेव्हा तळ पांढुरका ओलसर होता, मग आणखी ११ मिनिटं ठेवलं. आता गार होतंय, अख्ख्या घरात तुपाचा वास आहे. ही ट्रायल, खरा वाढदिवसाला करेन. एक तुकडा मोडून खाल्ला, दाताखाली मोडतो आणि विरघळतो, कडकही नाही.

आता आतलं सांगा. आणि आदल्या दिवशी भाजून ठेवला तर चालेल का, कारण त्या दिवशी घरात वीस माणसं असणार.

पामबीच

आदल्या दिवशी नक्की भाजून ठेवा, पण पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. कोमट ठेवला तर आतल्या वाफेने मऊ पडतो. आणि नुसता ओट्यावर झाकून ठेवलात तर आपल्या खाडीच्या दमट हवेत सकाळपर्यंत सादळतो, पावसाळ्यात तर दोन तासांत. सादळलाच तर १५० डिग्रीला ६-७ मिनिटं ठेवा, परत खुटखुटीत होतो.

मी आत कस्टर्ड करते. २५० मिली दूध, ४० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कस्टर्ड पावडर, ढवळत ढवळत उकळी येऊन चांगलं एक मिनिट बुडबुडे आले पाहिजेत, नाहीतर पावडर कच्ची लागते आणि नंतर पाणी सुटतं. खाली उतरवून गार झाल्यावरच १५० ग्रॅम हापूसचा रस घालायचा, गरमात घातला तर आंब्याचा ताजा वास जातो. रस आधी चाखून बघा, फार गोड असेल तर साखर ३० करा.

खाडीपलीकडे

कस्टर्ड थेट वाटीत ओतू नका. थोडं पांढरं चॉकलेट, ५०-६० ग्रॅम, वितळवून ब्रशने तळाला आणि कडेला आतून लावा, १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. तो थर ओलावा अडवतो. विकतच्या टार्टची वाटी मऊ का होती तर हा थर नसतो किंवा दोन दोन दिवस भरून ठेवलेले असतात. भरायचा खायच्या दोन तास आधी, फोडी अगदी शेवटी. हापूसच्या फोडी पातळ, पिकलेला पण घट्ट आंबा घ्या.

पुढे कधी करावंसं वाटलं तर मैद्यातले ३० ग्रॅम कमी करून तेवढी काजूची पूड घाला. काजू साखरेबरोबरच दळा, नुसते दळले तर तेल सुटतं. हापूस आणि काजू, दोन्ही कोकणातलंच.

चहाबिस्किट

ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका एवढंच सांगतो. माझ्या ओटीजीला १८० लावलं की आतल्या थर्मामीटरला २०५ दिसतं. क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत, तिथून थर्मामीटर आणला आणि तेव्हापासून कड जळायची थांबली. प्रीहीट, म्हणजे आधी रिकामा तापवणं, ते पण तापल्याचा दिवा विझल्यावर आणखी १० मिनिटं होऊ द्या.

तलावपाळी

काल वाढदिवस झाला. आदल्या रात्री भाजला, डब्यात ठेवला, सकाळी चॉकलेट लावलं, चारला भरला, सहाला फोडी. या वेळी पीठ लाटताना एकच ठिगळ लागलं, कड चारी बाजूंनी सारखी. कापताना सुरी तळाशी पोचली तेव्हा कर्रर्र असा बारीक आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला खरंच.

आईला पहिला तुकडा दिला. तिने आंब्याची फोड चमच्याने बाजूला सारली आणि आधी नुसती कड मोडून खाल्ली. मग म्हणाली, ह्यात आपलं तूप आहे ना. आणि मग म्हणाली, मोहन छान पडलंय.

ओट्यापाशी

वाचून डोळे भरून आले गं. माझा नमस्कार सांग त्यांना. उरलेलं पीठ असेल तर शंकरपाळ्यांसारखं कापून १७० ला १२ मिनिटं भाज, त्यांना चहाबरोबर होतील.